कुळी आणि कूळ

लग्नाच्या बायोडाट्यात जन्मवेळ, उंची आणि शिक्षण यांच्या जोडीला एक ओळ हमखास येते : '९६ कुळी मराठा, देवक पंचपल्लव.' ती साताऱ्यात येते, बडोद्यात येते आणि दोह्याच्या नजमा भागात टाइप झालेल्या बायोडाट्यातही येते. बी रिंग रोड आणि सी रिंग रोड यांच्यामधली ही जुनी वस्ती. जुन्या फर्निचरचा सूक अल हराज इथलाच. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी मराठी घरंही इथं आहेत. घराण्याच्या मोठेपणाची खूण म्हणून ही ओळ लिहिणारे लोक शिकलेले असतात, जग पाहिलेले असतात. ती खोडू पाहणारेही तसेच असतात.

पुढचा संवाद अशा दोघांचा आहे. मामा कोरेगाव तालुक्यातले, जुन्या देशमुखी घराण्यातले. दोह्यात एका बांधकाम कंपनीचं स्टोअर सांभाळतात. भाची इथल्याच एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये रक्त तपासते. विषय निघाला तो मामांच्या धाकट्या मुलाच्या बायोडाट्यावरून.

भाची : मामा, बाकी सगळं टाइप झालं. ही '९६ कुळी'ची ओळ तेवढी काढू का?

मामा : काढू नकोस. अगं, पाहुणे शिक्षण नंतर विचारतात, आधी घराणं विचारतात. मुलगी द्यायची म्हणजे माणूस चार ठिकाणी चौकशी करतो. मुलगा कुठला, कुणाचा, सोयरीक कुठंकुठं झालीय, एवढं कळलं की निम्मी काळजी मिटते. आपल्या घराण्याकडं देशमुखी होती. ते लिहिण्यात लाज कसली?

भाची : लाज नाही वाटत, मामा. पण ही ओळ नेमकं काय सांगते ते तर बघू. शहाण्णव कुळं कोणती?

मामा : भोसले, जाधव, शिर्के, मोहिते, घोरपडे, निंबाळकर, पवार, चव्हाण, माने, घाटगे, महाडिक, सावंत, शिंदे, दाभाडे...

भाची : आणि पुढं?

मामा : सगळी तोंडपाठ कुणाला असतात? गावी छापील यादी आहे.

भाची : छापील याद्या पुष्कळ आहेत आणि त्यांचा एकमेकींशी मेळ बसत नाही. एकीत कुळ म्हणून आलेलं आडनाव दुसरीत पोटकुळात जातं, तिसरीत सापडतच नाही. कुणी सूर्यवंश आणि सोमवंश यांवर थांबतं, कुणी त्यात ब्रह्मवंश आणि शेषवंश धरतं. शहाण्णव हा आकडा तेवढा ठाम, आतली नावं हलती.

मामा : याद्या करणाऱ्यांनी घोळ घातला असेल. कुळ ओळखायचं ते यादीवरून नव्हे, देवकावरून. लग्नात देवक बसवतात ना? कुणाचं कळंब, कुणाचं पंचपल्लव, कुणाचं मोराचं पीस. एका देवकाची दोन घरं आपसात सोयरीक करत नाहीत, कारण ती भाऊबंद. हे कुणी पोथीत वाचून केलं नाही. घरातल्या बायकांनी पिढ्यान्पिढ्या ध्यानात ठेवलं.

भाची : देवक मलाही प्रिय आहे. घराण्याची खूण म्हणून झाड धरायचं, ही फार सुंदर रीत आहे. पण देवक काही शहाण्णव कुळींचीच मिरास नाही. कुणब्यांत देवक आहे, धनगरांत आहे, कितीतरी बलुतेदारांत आहे. म्हणजे देवकानं सगळे एका मांडवात येतात. वेगळं करते ती ही बायोडाट्यातली ओळ.

मामा : तू शहरात वाढलीस, तुला त्यातला आब कळत नाही. खाण तशी माती म्हणतात ते उगाच नाही. रक्तात असतंच काहीतरी.

भाची : रक्त तर माझ्या रोजच्या हाताखालचं आहे, मामा. जांभळ्या झाकणाची नळी, पिवळ्या झाकणाची नळी. आतलं रक्त मात्र सगळ्यांचं सारखंच काळपट लाल. कतारी असो, नेपाळी असो, केरळचा असो की आपल्या कोल्हापूरचा. दंडाला पट्टा आवळला की शीर निळी दिसते, तो सगळा कातडीतून परत येणाऱ्या उजेडाचा खेळ. युरोपात उमरावांना 'निळ्या रक्ताचे' म्हणतात, ते त्या शिरेवरूनच.

मामा : ते ऐकलंय. राजेरजवाड्यांचं रक्त निळं.

भाची : ते कुठून आलं तेही ऐका, कारण त्याचा धागा या अरबांशी जुळतो. स्पेनमध्ये ७११ पासून मुसलमानी सत्ता होती, शेवटचं ग्रनाडा १४९२ मध्ये पडलं. कास्तीलमधली जुनी सरदार घराणी म्हणू लागली की, आमच्यात अरबांचं किंवा ज्यूंचं रक्त मिसळलेलं नाही; आमची कातडी इतकी गोरी की खालची निळी शीर दिसते. उन्हातान्हात राबणाऱ्याची शीर रापलेल्या कातडीखाली झाकून जाते. म्हणजे ज्याला शेतात जावं लागत नाही, त्याचं रक्त निळं. १४४९ मध्ये तोलेदो शहरानं नियमच केला : ज्यांचे पूर्वज ज्यू होते, त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला असला तरी त्यांना शहरातली सरकारी पदं नाहीत. पुढं 'रक्त शुद्ध आहे' असा दाखला मिळवायला लोकांना आजा-पणज्यांचा कागद काढावा लागे. इंग्रजीत 'निळं रक्त' हा शब्द रुळला तो १९व्या शतकात. त्या शब्दाचा जन्मच मुळी कुणाला तरी दाराबाहेर ठेवण्यासाठी झाला.

मामा : ते गोऱ्यांचं झालं. आपल्याकडं रंगाचा काय संबंध? आमचे आजोबा कोळशासारखे काळे होते आणि पंचक्रोशी त्यांना मुजरा करायची. आणि तू अरबांचं नाव काढलंस म्हणून सांगतो, वंश जपण्यात यांच्यापुढं आपण काहीच नाही. इथलं आल थानी राजघराणं बनू तमीम टोळीतलं. नज्दमधून आपण इकडं आलो हे ते अजून सांगतात. प्रत्येकाच्या नावात बाप, आजा, टोळी. अल शकाबला अरबी घोडे बघायला गेलो होतो. एकेका घोड्याचं कूळ असं सांगतात की आपला भाटही लाजेल. 'असील' म्हणतात त्याला. आपलं 'अस्सल' तेच.

भाची : बेदुईन लोक घोड्याचं घराणं कुणावरून सांगायचे माहीत आहे? घोडीवरून. आईकडून आलेलं कूळ तेच खरं कूळ. माणसांच्या बाबतीत मात्र तीच माणसं बापाची साखळी धरतात. घोड्यांना दिलेला न्याय बायकांना मिळाला नाही.

मामा : हा मुद्दा बरोबर आहे तुझा.

भाची : आणि वंश नुसता अभिमानापुरता राहत नाही, तो कायद्यात शिरतो. इथला २००५ चा नागरिकत्वाचा कायदा मूळ कतारी कुणाला म्हणतो? १९३० च्या आधीपासून जे इथं राहत होते त्यांना. २०२१ मध्ये शूरा कौन्सिलची, म्हणजे इथल्या विधिमंडळाची, निवडणूक झाली, तेव्हा आजोबांच्या जन्मावरून मतदान कुणाला आणि कुणाला नाही हे ठरलं. अल मुर्रा टोळीतल्या लोकांनी त्यावर उघड नाराजी दाखवली. २०२४ च्या नोव्हेंबरात सार्वमत घेऊन ती निवडणूकच बंद केली. बाजूलाच मशेरिबला बिन जेलमूद हाउस आहे, गुलामगिरीचं संग्रहालय. कतारमध्ये गुलामी १९५२ मध्ये कायद्यानं संपली. मोती काढायला समुद्रात उतरणाऱ्यांत गुलाम होते, आणि त्यांना टोळीच्या वंशावळीत जागा नव्हती. इथल्या लोकांनी स्वतःच ते संग्रहालय उभं केलं, याचं मला फार मोल वाटतं.

मामा : बाहेरच्या चार गोष्टी सांगून घरचं खोडू नकोस. आपल्या इतिहासात घराणं ही ढाल होती. शिवाजी महाराजांनी एवढं राज्य उभं केलं, तरी क्षत्रियत्वाचा दाखला मागणारे निघालेच ना? मग मेवाडच्या सिसोदियांपर्यंतची वंशावळ मांडली गेली, गागाभट्ट आले, मुंज झाली आणि ६ जून १६७४ ला रायगडावर अभिषेक झाला. दोनशे वर्षांनी कोल्हापुरात पुन्हा तेच. १८९९ मध्ये शाहू महाराज पंचगंगेवर कार्तिकस्नानाला गेले, तर पुरोहित वेदोक्त मंत्र म्हणेना. छत्रपतींच्या गादीवरच्या माणसाला तो शूद्र समजत होता. अशा वेळी 'आम्ही कोण' हे ठणकावून सांगायला घराणं लागतं. ज्याला कुणी हिणवलं नाही, त्यानं खुशाल म्हणावं घराणं नको.

भाची : इथं मी तुमच्या बाजूला आहे. हिणवणाऱ्यापुढं ताठ उभं राहायला जो आधार लागतो, तो कुणी काढून घेऊ नये. पण क्रम बघा, मामा. राज्य आधी उभं राहिलं, वंशावळ मागणारे नंतर आले. महाराज मोठे झाले ते कागदानं नाही. कागद मागणाऱ्यांना उत्तर म्हणून तो पुढं आला. म्हणून तर जोतीराव फुल्यांनी १८६९ च्या पवाड्यात त्यांना दुसरंच बिरुद दिलं : कुळवाडीभूषण. म्हणजे शेतकऱ्यांचं भूषण. आणि शाहू महाराजांनी पुढं काय केलं?

मामा : राजोपाध्यांचं वतन जप्त केलं.

भाची : आणि त्याच वर्षी, २६ जुलै १९०२ ला, करवीर राज्यातल्या रिकाम्या होणाऱ्या सरकारी नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवल्या. त्यांना दारात अडवलं होतं. स्वतःपुरतं दार उघडून ते आत जाऊन बसले असते तर वेदोक्ताचं भांडण हा दोन वरच्या जातींतला मानपान ठरला असता. त्यांनी दाराची चौकटच मोठी केली. घराण्याचा अभिमान तिथं जाऊन पोचला तर मी त्याला हात जोडते.

मामा : म्हणजे मान्य आहे तुला, रक्त बोललं ते.

भाची : कुणाचं रक्त, मामा? शाहू महाराज जन्मानं कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव. मार्च १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीला दत्तक आले.

मामा : दत्तक म्हणजे पूर्ण वारस. शास्त्र आहे ते.

भाची : तेच तर मी म्हणते! बडोद्याचे सयाजीराव बघा. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव, शेती करणाऱ्या गायकवाडांचं पोर. १८७५ मध्ये जमनाबाईंनी दत्तक घेतलं, आणि त्या पोरानं १९०६ मध्ये सगळ्या बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. आपल्या दोन थोर राजांना गादी दत्तकविधानानं मिळाली. आपल्या पूर्वजांनी कुळ रक्ताच्या थेंबात मोजलं नाही. नाव चालवील, देव-देवक सांभाळील, रयत पोशील तो वारस, असा हिशोब होता.

मामा : आणि गोऱ्यांनी तोच हिशोब मोडला. आमच्या साताऱ्याचं उदाहरण माझ्या काळजात आहे. अप्पासाहेब महाराजांनी मरणाच्या दारात दत्तक घेतला. डलहौसीनं तो मानला नाही आणि १८४८ मध्ये सातारा खालसा केलं. औरस नाही म्हणून राज्य नाही.

भाची : मग निळ्या रक्ताचा न्याय कुणाचा आणि कुळाचा न्याय कुणाचा, हे तुमच्याच साताऱ्यानं सांगितलं. आपण मात्र आज बायोडाट्यात त्या साहेबाचा न्याय लावतो.

मामा : थांब पोरी, आता माझं ऐक. तू म्हणतेस घराणं कागदावर असतं. मी म्हणतो ते वळणात असतं. कान्होजी जेधे, रोहिडखोऱ्याचे देशमुख. अफजलखान आला तेव्हा आदिलशाहीचं फर्मान आलं की खानाला मिळा, नाही तर वतनाला मुकाल. मातब्बर लोक गेले. कान्होजी आपल्या मुलांना घेऊन महाराजांपुढं उभे राहिले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडलं. जेधे करीन्यात, म्हणजे त्यांच्या घराण्याच्या जुन्या हकिकतीत, हे सगळं लिहिलंय. आमच्या आजोबांनी आम्हाला हे लहानपणी ऐकवलं, का? देशमुख म्हणवून घ्यायचं तर वेळ आली की सोडता आलं पाहिजे, हे कळावं म्हणून. साइटवर चोरून माल विकायची संधी मला कमी आली का? रात्री कुणी विचारणारं नसतं. पण मनात येतं, आपण कुणाचे? घराण्याला बट्टा लागेल, एवढ्या एका भीतीनं हात आखडतो. ही भीती ज्याला आहे त्याला मी घरंदाज म्हणतो.

भाची : मामा, ही भीती ज्याला आहे तो माझ्याही लेखी घरंदाज. तुमच्याच स्टोअरमधला तो नेपाळी पोरगा, ज्यानं सापडलेलं पाकीट तुमच्याकडं आणून दिलं, तो?

मामा : तोही. अगदी तोही.

भाची : त्याच्याकडं बायोडाट्याची ओळ नाही. आणि कान्होजींचंच घ्या. त्यांचं नाव कशानं राहिलं? वतन होतं म्हणून? वतनं तर पुष्कळांकडं होती. वतन सोडलं म्हणून राहिलं. तुमच्या मनातलं सगळ्यांत मोठं उदाहरणच सांगतं की मोठेपण राखण्यात नव्हतं.

मामा : पण सोडायला आधी काहीतरी असावं लागतं.

भाची : ते कुठून येतं हेही बघा. आपल्या तालुक्यातल्या कण्हेरखेडचे शिंदे गावचे पाटील. त्यातले महादजी दिल्लीपर्यंत हुकूम चालवू लागले, तरी स्वतःला पाटीलच म्हणवत. मल्हारराव होळकर नीरेकाठच्या होळचे, धनगराचं लेकरू. अठराव्या शतकातली अर्धी सरदार घराणी मनगटाच्या जोरावर उभी राहिली आणि मग 'जुनी' झाली. आपल्याकडं एक बोचरी म्हण आहे : कुणबी माजला, मराठा झाला. म्हणीतला कुत्सितपणा मला मान्य नाही, पण तिच्यात एक गोष्ट कबूल केलेली आहे. मधे भिंत नव्हती. जिना होता.

मामा : म्हण मीही ऐकलीय. आमच्या वाड्यात ती कुणी उच्चारायची नाही.

भाची : कारण 'कुळ' या शब्दाचीच दोन टोकं आहेत. वरच्या टोकाला कुलीन, कुळी, कुलदैवत. खालच्या टोकाला कुळवाडी, आणि दुसऱ्याची जमीन कसणारं कूळ. गावात कोण किती कसतो, सारा कुणाकडून किती यायचा, हे लिहिणारा तो कुळकर्णी. एकाच शब्दानं आपण वंशही सांगतो आणि राबणारा माणूसही सांगतो.

मामा : कूळ म्हणजे काय ते मला शिकवू नकोस, आमच्या घरानं ते भोगलंय. १९४८ चा कूळकायदा, मग १ एप्रिल १९५७. त्या दिवशी जमीन कसणाऱ्याची झाली. आमची ओढ्याकाठची चांगली जमीन गेली. त्याआधी १९५० च्या कायद्यानं परगण्याची वतनं गेलेली, म्हणजे देशमुखी संपलेली. पुढं १९६२ च्या कायद्यानं पाटीलकीही गेली. वाड्याचा एकेक सोपा पडत गेला. बडा घर पोकळ वासा म्हणतात तसं झालं. म्हणून तर मी इथं आलो.

भाची : आणि ज्याला ती जमीन मिळाली त्याचं घर?

मामा : त्याचा नातू कृषी अधिकारी झाला. चांगला मुलगा आहे. सणाला अजून वाड्यावर येतो, आईच्या पाया पडतो.

भाची : तुमच्या वंशावळीत त्यांचं नाव आहे का? तीन पिढ्या ज्यांनी ती जमीन कसली?

मामा : वंशावळीत कसं असेल? ते सातबाऱ्यावर असतं.

भाची : हेच मला म्हणायचं होतं. आपल्याकडं घराण्याचे दोन कागद आहेत. एक वंशावळ, जिच्यात जमीन कुणाची हे कळतं. दुसरा सातबारा, ज्यावर ती कसली कुणी हे कळतं. अभिमान आपण पहिल्या कागदाचा धरतो आणि खाल्लं आयुष्यभर दुसऱ्यावर. तुमच्या मोबाइलमध्ये वंशावळीचा फोटो आहे ना? काढा बरं.

मामा : हा बघ. मांजरपाटावर लिहिलेली, मोडीवरून बाळबोधीत उतरवून घेतली. खाली बुडाशी मूळ पुरुष, वर फांद्या.

भाची : हे नावापुढं ठिकठिकाणी 'नि.' लिहिलंय ते काय?

मामा : निर्वंश. शाखा तिथं संपली.

भाची : या तिसऱ्या फांदीवरच्या आजोबांना तीन मुली होत्या. आजी सांगायची त्यांच्याबद्दल. एक फलटणला दिली होती, एक कराडला.

मामा : हो, माझ्या चुलत आत्या. फलटणच्या आत्याची नातवंडं आता पुण्यात असतात.

भाची : तीन मुली, नातवंडं, पतवंडं, आणि कागद म्हणतो निर्वंश. मामा, माझी आईही यात नाही. मी तर नाहीच.

मामा : रीतच तशी होती. वतन मुलाकडं जायचं, म्हणून मुलगे लिहीत.

भाची : म्हणजे ही रक्ताची नोंद नाही, वतनाच्या हक्काची आहे. वतनाचा तंटा गोतसभेपुढं आला की करीने आणि महजर, म्हणजे निवाडापत्रं, निघायची. कोण कुणाचा, कुणाचा वाटा किती, हे ठरवायला फांद्या काढायच्या. राज्याभिषेकाला वंशावळ लागली, स्पेनात नोकरीला लागली, इथं मतदानाला लागली. आणि आज आपल्याकडं कशाला लागते? २०२३ पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं मोडीतली जुनी दप्तरं उघडून 'कुणबी' नोंदी शोधल्या. २०२५ च्या सप्टेंबरात हैदराबाद गॅझेटियरचा आधार घ्यायचा शासन निर्णय निघाला. पणजोबांच्या नावापुढं कुणबी लिहिलेलं सापडावं म्हणून घरोघर लोक कागद धुंडाळत होते. ज्या घरांनी एका कागदावर शहाण्णव कुळी लिहिलं, त्यांतली काही दुसऱ्या कागदावर कुणबी शोधत होती. मी त्यांना दोष देत नाही. शेती परवडेना, नोकरी मिळेना, माणूस काय करणार? पण या शोधानं खरं ते वर आलं. आपण त्याच शेतातले.

मामा : आमच्याही भावकीत दोघांच्या नोंदी सापडल्या. घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. मग थोरले काका म्हणाले, आपला मूळ पुरुष नांगर धरूनच आला असणार, आकाशातून पडला नसणार.

भाची : थोरल्या काकांनी आपलं सगळं बोलणं एका वाक्यात सांगितलं.

मामा : तरी मी ओळ काढणार नाही, हे आधी सांगतो. कारण वेगळं आहे. इथं माझ्या कार्डावर काय आहे? देश आणि व्यवसाय. भारतीय, स्टोअरकीपर. मेडिकलच्या रांगेत मी उभा असतो तेव्हा मी कुणाचा कोण, हे कुणाला कळत नाही. तीन पिढ्या परदेशात गेल्या की पोरांना गाव आठवत नाही, देव आठवत नाही. कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, गाव अमुक, देवक अमुक, एवढं जरी राहिलं तरी उद्या कुणी परत येऊ म्हणालं तर त्याला दार सापडेल. मला ती ओळ त्यासाठी हवी.

भाची : ते कारण मला सोळा आणे पटतं. मग गाव लिहू, कुलदैवत लिहू, देवक लिहू. त्या तिन्ही गोष्टी तुम्हाला कुणाशी तरी जोडतात. '९६ कुळी' एवढंच असं आहे की जे तुम्हाला कुणाच्या तरी वर बसवतं. त्या रांगेत पासपोर्टचा रंग बघून माणूस मोजतात तेव्हा आपल्याला किती टोचतं, मामा. पगार देशावर ठरतो तेव्हा आपण म्हणतो, माणूस बघा, काम बघा. तेच आपल्या दारात कुणी म्हटलं तर?

मामा : त्याला उत्तर नाही माझ्याकडं. पण माझ्या एकट्याच्या हातात ते नाही. मी ओळ काढली तर पाहुणे म्हणतील, काहीतरी खोट आहे.

भाची : म्हणू देत. जेध्यांनी वतनावर पाणी सोडलं तेव्हाही भावकी काहीतरी म्हणालीच असेल.

संवाद इथं थांबला. मामांनी त्या दिवशी ओळ ठेवली की काढली, यापेक्षा त्यांनी मांडलेला प्रश्न मोलाचा आहे : मूळ विसरू नये आणि तरी कुणाला खाली ढकलू नये, हे कसं जमवायचं?

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये असं आपल्याकडं म्हणतात. मला वाटतं ते शोधावं, आणि सोयीच्या जागी न थांबता शेवटपर्यंत शोधावं. अर्धवट शोधलं की गर्व हाती लागतो. नेटानं शोधलं की शेत लागतं, नांगर लागतो, दत्तक आलेलं पोर लागतं. शहाण्णव कुळीचा आकडा कुणी रचला याचा निवाडा आज होणार नाही. पण तो आकडा कशासाठी वापरायचा, हे ठरवणं आपल्याच पिढीच्या हातात आहे. हिणवणाऱ्यापुढं उभं राहायला वापरला तर तो शाहू महाराजांच्या वाटेनं जातो. सोयरीक नाकारायला, पंगतीत पाट वेगळा मांडायला वापरला तर तो तोलेदोच्या वाटेनं जातो. या दोन वाटा शेवटी एकच आहेत असं म्हणून कुणाला सुटता येणार नाही.

ज्यांच्या घरी वंशावळ आहे त्यांनी ती जपावी. फाडू नये, लपवू नये. मात्र ती एकदा पूर्ण करावी. 'नि.' लिहिलं तिथं मुलींची नावं घालावीत, त्या कुठं दिल्या आणि त्यांची लेकरं कुठं आहेत ते लिहावं. दत्तक आलेल्याचं जन्मघर लिहावं. आणि बुडाशी, मूळ पुरुषाच्या शेजारी, ज्या कुळांनी जमीन कसली त्यांची नावं सातबाऱ्यावरून उतरवून घ्यावीत. एवढं सगळं लिहिल्यावरही त्या कागदाकडं बघून ज्याची मान ताठ राहते, त्याच्या अभिमानाला कुणी नाव ठेवू शकणार नाही.